वाढत्या मधपेट्यांना नवी राणी देताना

एका हंगामात २० पेट्यांच्या ४० करायच्या म्हटले, की २० राण्या जास्तीच्या लागतात. विभाजन करून, म्हणजे एका पेटीतल्या माश्या व चौकटी वाटून केलेल्या बिनराणीच्या पेटीला स्वतःची राणी स्वतः घडवू दिली, तर कोवळ्या अळीपासून राणी बाहेर पडायला सुमारे १२ दिवस, तिच्या मीलन-उड्डाणापर्यंत आणखी आठवडाभर आणि त्यानंतर अंडी सुरू होण्यास दोन-चार दिवस, असे सुमारे तीन आठवडे एकही नवे अंडे न पडता निघून जातात; पुढे त्या अंड्यातून कामकरी माशी निघायला २१ दिवस लागतात ते वेगळेच. कारळ्याचा किंवा सूर्यफुलाचा फुलोरा एवढा वेळ थांबत नाही. म्हणून पेट्या वाढवणारा मधपाळ फलित राण्या विकत आणतो किंवा आपल्याच चांगल्या वसाहतीपासून वाढवतो आणि त्या नव्या पेट्यांना देतो. दहा चौकटींच्या (पोळे बांधण्यासाठीच्या सुट्या लाकडी चौकटी) लँगस्ट्रॉथ प्रकारच्या पेटीतल्या मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाश्यांसाठी हे काम कसे करावे, ते पुढे सांगितले आहे. सातेरीचा, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाशीचा विचार शेवटी थोडक्यात केला आहे.

राणी स्वीकारली जाईल की मारली जाईल, हे राणीपेक्षा पेटीच्या अवस्थेवर अधिक अवलंबून असते. माश्या राणीला तिच्या गंधाने ओळखतात. जुनी राणी काढल्यावर काही तासांतच पेटीला तिची उणीव कळते, माश्या अस्वस्थ होतात, त्यांच्या आवाजाची पट्टी बदलते आणि साधारण एका दिवसात त्या कोवळ्या अळ्यांभोवती राणीघरे, म्हणजे नवी राणी वाढवण्याची मोठी घरे उभारू लागतात. नवी राणी या दोन टोकांच्या मधे द्यायची असते: जुन्या राणीचा गंध विरलेला असावा, पण माश्यांनी स्वतःच्या राणीघरांवर भिस्त ठेवलेली नसावी. यासाठी २४ तासांचे अंतर पुरेसे होते. ज्याला अधिक खात्री हवी असेल, त्याने पेटी आठ-नऊ दिवस बिनराणीची ठेवून सगळी राणीघरे मोडावीत. तोपर्यंत राणी करता येईल इतकी कोवळी अळी पेटीत उरलेली नसते आणि माश्यांना बाहेरच्या राणीवाचून गत्यंतर राहत नाही. मात्र राणीघरे मोडताना प्रत्येक चौकटीवरच्या माश्या झटकून, चौकटीच्या खालच्या कडा आणि कोपरे नीट पाहावेत. एक जरी राणीघर नजरेतून सुटले, तरी आणलेली राणी गेली असे समजावे.

त्याआधी पेटीत खरोखरच राणी नाही, याची खात्री करून घ्यावी. माझ्या अनुभवात वाया गेलेल्या राण्यांपैकी बऱ्याच राण्या याच एका चुकीपायी गेल्या आहेत. अंडी दिसत नाहीत म्हणून पेटी बिनराणीची ठरवली जाते आणि प्रत्यक्षात कुठल्या तरी चौकटीवर नुकतीच जन्मलेली, अजून फलित न झालेली, अंगाने लहान आणि पळायला चपळ अशी कुमारी राणी फिरत असते. शंका असेल तर शेजारच्या चांगल्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, माश्या झटकून, या पेटीत द्यावी आणि दोन-तीन दिवसांनी पाहावी. त्या चौकटीवर राणीघरे बांधायला घेतली असतील, तर पेटी बिनराणीची आहे. बांधली नसतील, तर बहुधा आत कोणीतरी आहे आणि तिच्यावर विकतची राणी लादू नये.

दुसरी अवस्था याहून वाईट असते. पेटी तीन-चार आठवडे बिनराणीची राहिली, तर काही कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. पोळ्याच्या एकेका घरात दोन-चार अंडी, तीही तळाशी मधोमध न पडता भिंतींना चिकटलेली, आणि कामकरीच्या घरांवर नराच्या पिलाव्याची (वाढत्या पिलांची) फुगीर झाकणे, ही तिची लक्षणे आहेत. अशा पेटीला नवी राणी देणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. तिच्या चौकटी एखाद्या सशक्त, राणी असलेल्या पेटीत मिळवून टाकाव्यात.

विभाजनातून तयार झालेली पेटी ही नवी राणी देण्यासाठी सर्वांत सोयीची असते आणि त्याचे कारण साधे आहे. बंद पिलाव्याच्या दोन चौकटी, मध आणि पराग असलेली एक चौकट, एक रिकामी बांधलेली चौकट आणि त्यांवरच्या माश्या घेऊन नवी पेटी त्याच मधुबनात, म्हणजे पेट्या ठेवलेल्या आवारात, दुसऱ्या जागी ठेवली, की बाहेर जाऊन आलेल्या वयस्क माश्या सवयीने जुन्या जागी परततात आणि नव्या पेटीत बहुतांशी तरुण, पिलांना भरवणाऱ्या दाई-माश्याच उरतात. परक्या राणीवर चालून जाणाऱ्या माश्या बहुतेक वयस्क असतात. तरुण माश्या तिला खाऊ घालू लागतात. परतणाऱ्या माश्यांमुळे संख्या घटते, म्हणून आणखी एका चौकटीवरच्या माश्या झटकून पेटीत घालाव्यात, दार दोन माश्या जातील इतके अरुंद करावे आणि फुलोरा कमी असेल तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी आतल्या खाद्यपात्रात द्यावा. उपाशी पेटी राणी स्वीकारत नाही, आणि पाक बाहेर सांडला तर शेजारच्या पेट्या लूट करायला येतात.

राणी सहसा लहान पिंजऱ्यात, सहा-आठ सेवक माश्यांसह येते. पिंजरा सावलीत ठेवावा, जाळीवर पाण्याचा एखादा थेंब द्यावा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावा. सेवक माश्या परक्या असल्याने त्यांना काढून टाकावे, असे माझे मत आहे. हे काम बंद खोलीत, खिडकीजवळ करावे, म्हणजे राणी उडालीच तर काचेवर जाऊन बसते. पिंजऱ्याच्या तोंडाशी कँडी भरलेली असते. ती आपण करायची झाल्यास पिठीसाखर आणि आपल्याच निरोगी पेटीतला थोडा मध मळून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा करावा. बाजारातला मध वापरू नये, कारण त्यातून रोगाचे जंतू येऊ शकतात. कँडीचा घट्टपणा ही बारीक वाटणारी गोष्ट निर्णायक असते: कोकणच्या दमट हवेत सैल गोळा पाझरून राणीचे पाय चिकटतात, तर मराठवाड्यातल्या मार्चच्या उन्हात तो खडीसाखरेसारखा वाळतो आणि माश्यांना तो पोखरता येत नाही. दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा कँडीचा बोळा माश्या सुमारे दोन ते चार दिवसांत खाऊन संपवतात. तेवढ्या काळात राणीला पेटीचा गंध लागतो आणि पेटीला राणीचा.

पिंजरा संध्याकाळी द्यावा. पिलाव्याच्या दोन चौकटींच्या मधे, चौकटींच्या वरच्या पट्ट्यांत घट्ट बसेल असा तो ठेवावा आणि जाळीची बाजू मोकळी राहील, म्हणजे माश्यांना जाळीतून राणीला भरवता येईल, असे पाहावे. कँडीचे तोंड किंचित वर असावे. सेवक माश्या आत ठेवल्याच असतील आणि एखादी मेली, तर ती खाली राहते आणि वाट अडवत नाही. धूर अगदी बेताचा करावा.

पिंजरा ठेवल्यावर पाच मिनिटे थांबून जाळीवरच्या माश्या पाहाव्यात, कारण पुढचे सगळे तिथेच कळते. माश्या जाळीवर सैलपणे फिरत असतील, जिभा आत घालून राणीला भरवत असतील आणि बोटाने हळूच बाजूला सारल्यावर सहज सरकत असतील, तर त्या तिला घेणार. पण त्या एकमेकींवर गच्च बसून, पोट वाकवून, जबड्यांनी तारा धरून राहिल्या असतील आणि बोटाने ढकलूनही हलत नसतील, तर त्या तिला मारायला टपलेल्या आहेत. अशा वेळी कँडीचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे, पेटीत दुसरी राणी किंवा राणीघर आहे का ते पुन्हा शोधावे आणि दोन दिवसांनी जाळीवरची वागणूक बदललेली दिसल्यावरच तोंड उघडावे.

यानंतरचे सर्वांत अवघड काम म्हणजे पेटी न उघडणे. सुरुवातीच्या एका वर्षी मला धीर धरवला नाही आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी पेटी उघडली. राणी नुकतीच पिंजऱ्यातून बाहेर आली होती. उजेड पडताच ती चौकटीवरून पळत सुटली आणि पाहता पाहता माश्यांनी तिच्याभोवती लिंबाएवढा गोळा केला. तो गोळा उचलून पाण्याच्या भांड्यात टाकल्यावर माश्या सुटल्या आणि राणी जिवंत हाती लागली, परंतु तिचा मागचा एक पाय ओढत होता. दीड महिन्याच्या आत पेटीने तिला बदलून टाकले. तेव्हापासून चौथ्या-पाचव्या दिवशी झाकण फक्त जरासे उचलून, एकही चौकट न हलवता, पिंजरा रिकामा झाला आहे एवढेच मी पाहतो आणि तो काढून घेतो. चौकटी दहाव्या दिवसाच्या आसपास पाहाव्यात. तेव्हाही राणी शोधत बसू नये. घराच्या तळाशी एकेक उभे अंडे दिसले, की काम झाले. राणीवर रंगाचा ठिपका द्यायचा असेल, तर तो पेटीत देण्याच्या आदल्या दिवशी द्यावा किंवा अंडी नीट सुरू झाल्यावर. त्या दोहोंच्या मधे नको. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार वर्षाच्या शेवटच्या अंकावरून रंग ठरतो: १ आणि ६ पांढरा, २ आणि ७ पिवळा, ३ आणि ८ लाल, ४ आणि ९ हिरवा, ५ आणि ० निळा. पेट्या ४० च्या पुढे गेल्या, की राणीचे वय लक्षात ठेवण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग उरत नाही.

मोठ्या, दहा चौकटी भरलेल्या पेटीची राणी बदलायची असेल, तर थेट पिंजरा देणे मला जुगार वाटतो. त्यापेक्षा नवी राणी आधी तीन-चार चौकटींच्या छोट्या पेटीत द्यावी, तिथे ती तीन आठवडे अंडी घालून रुळू द्यावी आणि मग मोठ्या पेटीतली जुनी राणी काढून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही वसाहती एक कराव्यात. मोठ्या पेटीवर वर्तमानपत्राचा एकच कागद पसरून त्याला टाचणीने चार-दोन छिद्रे पाडावीत आणि छोट्या वसाहतीच्या चौकटी वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. माश्या दोन-तीन दिवसांत कागद कुरतडून एकत्र होतात आणि दाराशी कागदाचा भुगा पडलेला दिसतो. अंडी घालणाऱ्या, पोट भरलेल्या राणीचा गंध प्रवासातून आलेल्या, अंडी थांबलेल्या राणीपेक्षा प्रबळ असतो, म्हणून अशी राणी क्वचितच नाकारली जाते.

महाराष्ट्रात या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. पावसाळ्यात फुलोरा नसतो, मीलन-उड्डाणे हुकतात आणि भुकेल्या पेट्या चिडखोर होतात. आणखी एक खबरदारी घ्यावी: सगळ्या राण्या एकाच आईच्या घेऊ नयेत. जवळच्या नात्यात मीलन होत गेले, तर पिलावा ठिगळ्याठिगळ्यांचा, विरळ दिसू लागतो आणि दोष मात्र हवामानाला दिला जातो.

महाबळेश्वर भागातल्या सातेरी पेट्यांना मेलिफेराची राणी देता येत नाही, कारण त्या दोन वेगळ्या जाती आहेत. सातेरीला सातेरीचीच राणी द्यावी आणि पेटी बिनराणीची फार दिवस ठेवू नये. कामकरी माश्यांनी अंडी घालणे सातेरीत मेलिफेरापेक्षा लवकर सुरू होते, आणि सतत उघडझाप केली तर अख्खी वसाहतच पेटी सोडून निघून जाते. त्यामुळे सातेरीसाठी आठ-नऊ दिवस थांबण्याची पद्धत सोडून दुसऱ्याच दिवशी पिंजरा द्यावा. त्याहून सोपे म्हणजे, चांगल्या सातेरी वसाहतीतले पक्व, झाकण बंद झालेले राणीघर भोवतालच्या पोळ्याच्या तुकड्यासह कापून, टोक खाली ठेवून, पिलाव्याच्या चौकटीला अलगद चिकटवावे.