‘हार्ड डे’ म्हणून केलेले फोन

अमेरिकेत लहान मुलांच्या शाळेत काम करायला सीडीए हे प्रमाणपत्र लागतं; त्याचे प्रशिक्षणाचे १२० तास कसे भरायचे, ४८० तासांचा अनुभव कुठे मिळवायचा, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, वर्क परमिट आलं की पहिला अर्ज कुठे टाकायचा, हे आपल्या बायकांना आता माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी लिहितेय ते त्याच्या पुढच्या पायरीवरच्यांसाठी. असिस्टंटच्या लीड टीचर झालात, लीडच्या असिस्टंट डायरेक्टर झालात, आणि एक दिवस ओनरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘सेंटरमध्ये रेशियल इक्विटीचं, म्हणजे रंगावरून मुलांत दुजाभाव होऊ नये याचं, काम सुरू करायचंय, तू बघशील?’

तुम्हालाच का विचारलं, हे आधी ओळखा. गोऱ्या बाईला अवघड वाटतं, ब्लॅक बाईला विचारलं तर ती खरं बोलून मोकळी होईल. मग उरलो आपण, मधल्या रंगाच्या. मला मात्र तेव्हा बढतीच वाटली होती.

आमचं सेंटर न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत. खासगी, पण डिस्ट्रिक्टशी, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेशी, करार असलेलं. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये ॲबट खटल्यात निकाल दिला, म्हणून इथल्या गरीब डिस्ट्रिक्टमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना प्रीस्कूल फुकट आहे. वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, एक शिक्षिका, एक असिस्टंट. त्यामुळे एकाच गालिच्यावर पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांची मुलगी बसते आणि टर्नपाइक हायवेलगतच्या गोदामात शिफ्ट करणाऱ्या बाईचा मुलगाही. याहून समान काय असणार, असं मला वाटायचं.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. सगळ्या रंगांच्या बाहुल्या आणल्या, कातडीच्या छटांचे क्रेयॉन आणले, पुस्तकांचं कपाट बदललं. एक दिवसाची कार्यशाळाही ठेवली. तिच्या हँडआउटवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचे २०१३-१४चे आकडे होते: सरकारी प्रीस्कूलमध्ये ब्लॅक मुलं १९ टक्के, पण निलंबित झालेल्या मुलांत ४७ टक्के. आम्ही सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. आमच्याकडे तर निलंबन शून्य, हकालपट्टी शून्य. तसा अहवाल मीच लिहिला, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

फसले ती इथे. म्हणून हे जरा लांबण लावून सांगते.

लायसन्सिंगची तपासणी येणार होती म्हणून एका संध्याकाळी जुनी साइन-आउट शीट्स लावत बसले होते. आमचा दिवस अडीचला संपतो. चार वर्षांच्या एका मुलाच्या नावापुढे ११.४५. पुढच्या आठवड्यात १२.१०. मग ११.३०. दोन महिन्यांत नऊ वेळा. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, ‘हार्ड डे’. त्या नऊपैकी चार फोन मी केले होते. फार गोड आवाजात केले होते: ‘आज त्याला जरा जड जातंय, लवकर येता का?’

याला निलंबन म्हणत नाहीत. पत्र निघत नाही, डिस्ट्रिक्टला कळवावं लागत नाही, कुठल्या आकड्यात ते येत नाही. मूल मात्र घरी जातं. आमच्या धंद्यात याला ‘सॉफ्ट एक्सपल्शन’ म्हणतात आणि तो शब्द मला पाठ होता. पाठ असलेला शब्द आपल्याच हातून घडतोय हे मात्र कळलं नाही. त्याची आई शिफ्ट सोडून यायची. शिफ्ट अर्धवट सोडली की तिथे पॉइंट लागायचे, ठरावीक पॉइंट झाले की नोकरी गेली. मार्चमध्ये तिने स्वतःच नाव काढलं. फॉर्मवर कारण लिहिलं, ‘शिफ्ट बदलली’. आम्ही त्याला कार्ड करून दिलं, सगळ्यांनी त्यावर हाताचे ठसे उमटवले.

त्या संध्याकाळी मी दैनंदिन नोंदींची फाइलही काढली. फेब्रुवारीतला एक मंगळवार. ब्लॉक एरियात दोन मुलांनी ठोकळे फेकले होते. एक हा. दुसरा आपल्यातला, त्याच्या आईशी मी पिकअपला मराठीत बोलते. दुसऱ्याच्या नोंदीत ‘एनर्जेटिक’, याच्या नोंदीत ‘ॲग्रेसिव्ह’. दोन्ही अक्षर माझं.

येल विद्यापीठातला, वॉल्टर गिलियम यांचा २०१६चा अभ्यास मी ट्रेनिंगमध्ये वाचला होता. शिक्षिकांना चार मुलांचे व्हिडिओ दाखवले, त्रासदायक वागणूक कुठे दिसते ते हेरा म्हणून सांगितलं आणि त्यांची नजर यंत्राने मोजली. व्हिडिओत तशी वागणूक नव्हतीच. तरी नजर जास्त वेळ ब्लॅक मुलावर राहिली. त्या शिक्षिकांत ब्लॅक शिक्षिकाही होत्या. वाचताना मी ‘या अमेरिकन बायका’ म्हणून पान उलटलं होतं.

तर कामाला लागताना बाहुल्यांआधी साइन-आउट शीट्स काढा. तीन महिन्यांची. टक्केवारी काढू नका, पंधरा मुलांत टक्केवारीतून काही निघत नाही. एकेक नाव घ्या: किती वाजता गेलं, फोन कोणी केला, त्याआधी वर्गात काय चाललं होतं. आमचे बहुतेक फोन सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यानचे निघाले. जेवणाचे ट्रे यायचे, कॉट मांडायचे, आणि त्याच वेळी लीड टीचर ब्रेकवर, तिच्या जागी मुलांना न ओळखणारी फ्लोटर, म्हणजे वर्गावर्गांत फिरणारी बदली बाई. मुलांमागे मोठ्यांचा रेशो कागदावर बरोबर, पण आवरायला हात कमी. मग ब्रेकच्या वेळा हलवल्या. वागणुकीसाठी घरी फोन करायचा तर आधी डायरेक्टरला विचारायचं आणि आपण काय काय करून पाहिलं ते लिहायचं, असा नियम केला. फोन थांबले नाहीत, पण बरेच कमी झाले. ते लिहायची कटकट नको म्हणूनही कमी झाले असतील. मला चालतं.

कन्सल्टंटबद्दल माझं मत वाईट आहे. आमच्या कार्यशाळेचं बिल असिस्टंटच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं होतं. मेंटॉरही जपून निवडा. माझी मेंटॉर फार मोठी बाई, दर वेळी म्हणायची, ‘धीर धर, संस्कृती बदलायला वेळ लागतो.’ ब्रेकची वेळ बदलायला किती लागतो? दोन दिवस लागले. मला खरं शिकवलं ते सोळा वर्षं असिस्टंट असलेल्या एका ब्लॅक बाईने. मी शीट्स तिच्यापुढे ठेवल्या. तिने न बघता त्या मुलाचं नाव सांगितलं, आणि त्याच्या आधीच्या दोघांचीही.

मग आधी का नाही सांगितलं? कारण आमच्या इक्विटी कमिटीची मीटिंग मुलांच्या नॅप टाइमला व्हायची. लीड टीचर्स मीटिंगला, असिस्टंट झोपलेल्या मुलांपाशी. आमच्या लीड टीचर्स बहुतेक गोऱ्या आणि भारतीय, असिस्टंट बहुतेक ब्लॅक आणि लॅटिना. म्हणजे इक्विटी कमिटी जिच्याविषयी बोलत होती तीच भिंतीपलीकडे अंधारात पोरांच्या पाठी थोपटत होती. मीटिंग संध्याकाळी न्या आणि त्या तासाचे पैसे द्या. फुकट बोलावणार असाल तर मुळीच बोलावू नका.

आपल्या लोकांकडूनही ऐकावं लागेल, तयारी ठेवा. टूरला आलेले आईवडील बुटांची लेस बांधता बांधता हळूच विचारतात, ‘क्राउड कसा आहे?’ अर्थ तुम्हालाही कळतो. मी तीन वर्षं ‘चांगला आहे, आपली बरीच मुलं आहेत’ असं उत्तर दिलंय. घरी ‘ब्लॅक’ म्हणताना आपला आवाज आपोआप खाली जातो, तोच आवाज घेऊन मी वर्गात वावरत होते.

हे वाचून हातपाय गाळू नका. पहिले सहा महिने दोन शिक्षिका माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, एक सोडून गेली, आणि ओनरने दोनदा विचारलं की हे जरा जास्त होतंय का. रडूही आलं, पार्किंग लॉटमध्ये. पण शीट हातात असली की वाद तुमच्या स्वभावावर जात नाही, ११.४५ वर राहतो. इंग्रजी अडखळलं तरी चालतं.

त्या आईला मी नंतर फोन केला, माफी मागायला. तिने ऐकून घेतलं. धाकटीच्या ॲडमिशनची लिंक पाठवू का विचारलं, तर म्हणाली, पाठव. अर्ज अजून आलेला नाही.