इनलाइन स्केट्स घेताना आणि वापरताना: तयारीची यादी

सुरुवात बुटापासून करा. चाकं, बेअरिंग, ब्रेकचं रबर हे सगळं पुढे बदलता येतं. चुकीच्या मापाच्या बुटाला मात्र इलाज नाही. दिवसभराच्या वावराने पाऊल थोडं फुगतं, म्हणून माप संध्याकाळी घ्या. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा आणि दोन्ही पायांपैकी मोठं माप धरा. ते कंपनीच्या सेंटिमीटरच्या तक्त्याशी ताडून बघा, कारण रोजच्या बुटांचा नंबर इथे भरवशाचा नसतो. पातळ मोजे घालून बूट चढवा, टाच जमिनीवर आपटून मागे नीट बसवा आणि मगच बकल आवळा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा लायनरला, म्हणजे बुटाच्या आतल्या मऊ अस्तराला, हलकेच टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा. वाकताना टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे. पंधरा-वीस मिनिटं तसेच उभे राहा. एकाच ठिकाणी टोचत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर ती जोडी सोडा. एक माप मोठं घेऊन जाड मोजे घालायचा विचार नकोच. लायनर वापराने दबतो, बूट आणखी सैल होतो आणि घोटे आत कलू लागतात. घोट्यांत जोर नाही असं वाटणाऱ्या बऱ्याच जणांचा खरा दोष सैल बुटात असतो.

चाकांवर मिलिमीटरमध्ये व्यास आणि ए अक्षरासह कठीणपणा छापलेला असतो. शिकताना 76 ते 80 मिमीची चार चाकं उत्तम. व्यायामासाठी सलग अंतर कापायचं तर 84 ते 90. शंभराच्या पुढची चाकं वेग टिकवतात, पण उंची वाढते आणि थांबायला जास्त कौशल्य लागतं. खडबडीत रस्त्याला 82एच्या आसपासचं मऊ चाक घ्या, गुळगुळीत फरशीवर 85ए किंवा त्याहून कठीण चालतं. फ्रेममध्ये, म्हणजे बुटाखालच्या चाकं धरणाऱ्या पट्टीत, जास्तीत जास्त किती मिमीचं चाक बसतं ते आधीच विचारून ठेवा.

बेअरिंगच्या एबीईसी आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तो आकडा घडणीतल्या अचूकतेचा आहे, धूळ आणि बाजूने बसणारे धक्के त्यात धरलेले नाहीत. ताशी 20 किलोमीटर वेगाला 80 मिमीचं चाक मिनिटाला जेमतेम 1,300 फेरे घेतं. त्यासाठी स्वच्छ, तेल दिलेलं साधं बेअरिंग पुरेसं आहे.

हेल्मेट, मनगटाचे, कोपरांचे आणि गुडघ्यांचे गार्ड स्केट्सबरोबरच घ्या. पडताना हात आपोआप पुढे जातात, म्हणून मनगटाचे गार्ड कधीच वगळू नका. टाचेचा ब्रेक दुसऱ्या पद्धतीने खात्रीने थांबता येईपर्यंत काढू नका. रबर झिजून खुणेच्या रेषेपर्यंत आलं की बदला, नाहीतर आतला स्क्रू जमिनीला घासतो.

दर वेळी निघण्यापूर्वी प्रत्येक चाक धरून आडवं हलवून बघा. खडखडलं तर एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा बोल्ट, ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) आवळा. बहुतेक स्केट्सना 4 मिमीची लागते. आवळल्यावर चाक जड फिरत असेल तर चाकातल्या दोन बेअरिंगमध्ये अंतर राखणारी छोटी नळी, म्हणजे स्पेसर, आहे ना, ते तपासा. तो घालायचा राहिला की दाब थेट बेअरिंगवर येतो.

चाकांची आतली कड आधी झिजते. डोळ्यांना तिरकेपणा दिसू लागला की त्याच स्केटमधलं पहिलं आणि तिसरं चाक, दुसरं आणि चौथं चाक आपसांत बदला आणि प्रत्येक चाक उलटून बसवा, म्हणजे झिजलेली कड बाहेर येईल.

ओल्या रस्त्यावर जाणं टाळाच. पकड जाते आणि बेअरिंग गंजतात. भिजलेच तर कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी बेअरिंग काढा. झाकण निघणारं असेल तर ते काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवा, पूर्ण वाळवा आणि हलक्या तेलाचे एक-दोन थेंब द्या. हे काम आगीपासून लांब, मोकळ्या हवेत करा. गंज सोडवणारा फवारा तेलाची जागा घेत नाही. तो असलेलं ग्रीस धुऊन काढतो. धुतल्यावरही करकर राहिली तर बेअरिंग नवीन घाला.

लायनर दर वेळी काढून सावलीत वाळवा. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत स्केट्स ठेवू नका. जुनी जोडी घेत असाल तर चाकांवर नख दाबून बघा: कित्येक वर्षं न वापरता पडून राहिलेलं पॉलियुरेथेन ठिसूळ किंवा चिकट होतं. चाकं बदलता येतील, पण बुटाच्या कवचाला तडे असतील तर ती जोडी घेऊ नका.