हलका अँटीव्हायरस शोधताय? आधी लॅपटॉपमध्ये काय आहे ते बघा

दुकानात लॅपटॉप ठेवत लोक म्हणतात, "दादा, एखादा हलका अँटीव्हायरस टाकून द्या." उघडून बघावं तर आत दोन आधीच बसलेले. एक लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल, दुसरा कुणा भाच्याने फुकट मिळतो म्हणून टाकलेला. चार जीबी रॅमच्या मशीनला एवढं ओझं झेपणार कसं?

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस मुळातच असतो. दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. म्हणून पहिलं काम टाकायचं नाही, काढायचं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून जुने काढा, रीस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालाय का ते बघा. तिथेच टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरच्या सेटिंग्ज कुणाला परस्पर बदलू न देणारी सोय, चालू ठेवा. 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन नको ती अ‍ॅप्स अडवणारं बटणही चालू करा. अनेक मशीनवर ते बंदच सापडतं. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर चढलेलं दिसलं की घाबरून बंद करू नका, तो डिफेंडरच आहे, स्कॅन चाललेला असतो. चार्जर लावून जेवून या.

विंडोज १० वाल्यांना एक सांगायलाच हवं. त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजची भोकं बुजवली गेली नाहीत, तर वरून कितीही भारी अँटीव्हायरस टाका, उपयोग अर्धाच. मशीनवर ११ चालत असेल तर त्यावर न्या.

विकतचाच हवा असेल तर बॉक्सवरचं 'लाइट' वाचून घेऊ नका. जर्मनीची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण आणि वेग यांना ६ पैकी वेगवेगळे गुण देते. वेगाचा रकाना बघा. आणि फुकटचा घेताना तो तुमचं काय घेतो तेही बघा. लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले होते.

आता खरा दरवाजा, म्हणजे ब्राउझर. उजव्या कोपऱ्यात लाल चौकट येते: 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस!' वर एखाद्या नावाजलेल्या अँटीव्हायरसचा लोगोही असतो. नीट वाचा, त्याच चौकटीत बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि भलत्याच साइटचा पत्ता दिसेल. व्हायरस वगैरे काही नसतो. सिनेमा किंवा सरकारी भरतीचा निकाल शोधताना कुठेतरी 'अलाउ' दाबलेलं असतं, त्याची ही फळं. क्रोममध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथली परवानगी मिळालेली यादी उघडा आणि ओळखीच्या नसतील त्या सगळ्या साइट काढून टाका. त्याच पानावर 'साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडला की पुढचा त्रासही गेला. माझ्या मते बँकेच्या साइटलासुद्धा ही परवानगी द्यायची गरज नाही.

जाहिराती अडवायला फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याचं लाइट रूप. एवढं एकच एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं अ‍ॅप, पुरे. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी, हवामान सांगणारी बाकीची काढून टाका. त्यातल्या बऱ्याच जणांना तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचता येतं.

तरी शंका राहिलीच तर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, तेव्हा उघडी एक्सेल आधी सेव्ह करून घ्या.