खोटा पाय लावून स्कायडायव्हिंग करायचंय? मग हे वाचून घ्या

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाहीये, लोकलची कृपा. गेल्या वर्षी टँडम जंप केली, म्हणजे पाठीला इन्स्ट्रक्टर बांधलेला असतो ती. तेव्हापासून आमच्यातले बरेच जण विचारतात की पायाचं काय केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, उडी मारताना पायाला फारसं काम नसतं. 13,000 फुटांवरून पडताना ताशी 200 किमीच्या आसपास वेग असतो, मिनिटभरात 5,000 फुटांपर्यंत येता, मग पॅराशूट उघडतं आणि पाच-सहा मिनिटं तरंगत खाली. यात चालायचंय कुठे? प्रश्न दोनच, पाय वरती निसटणार नाही ना, आणि उतरताना उचलता येईल ना. बाकी भीतीबिती सगळ्यांना सारखीच वाटते, दोन पाय असले काय नि एक असला काय.

निसटतो का? हो, निसटतो. 2020 मध्ये अमेरिकेत व्हर्मॉन्टला एकाचा पाय उडी मारताना सुटला आणि नंतर एका शेतकऱ्याला सोयाबीनच्या शेतात सापडला. त्याचं नशीब, पण खाली कुणाच्या डोक्यावर पडला असता तर? आणि आपल्या पायाची किंमत आपल्याला माहितीये, दुसरा करायला परत हाजीअलीच्या पुनर्वसन केंद्राच्या फेऱ्या.

म्हणून तुमचा पाय कशावर टिकून आहे ते आधी बघा. सक्शन किंवा व्हॅक्यूमवाला सॉकेट (खोट्या पायाची वरची वाटी, जिच्यात आपला उरलेला पाय बसतो) असेल तर नीट ऐका, तो धरून राहतो बाहेरच्या हवेच्या दाबामुळे, आणि 13,000 फुटांवर तो दाब खालच्या साठ-पासष्ट टक्केच उरतो, म्हणजे पकड आपोआप ढिली. पिन लॉक, म्हणजे खिळीने अडकणारा पाय असेल तर सोडायचं बटण बहुतेक दुसऱ्या पायाच्या बाजूला असतं आणि घासून दाबलं जाऊ शकतं, त्यावर कडक काहीतरी ठेवून टेप मारा. जयपूर फूट नुसत्या पट्ट्यावर असेल तर त्याच्या भरवशावर अजिबात जाऊ नका. कुठलाही असो, वरून एक घट्ट सस्पेन्शन स्लीव्ह (सॉकेट आणि मांडी दोन्हींवर चढणारी ताणाची बाही), त्यावर मांडीपर्यंत क्रेप बँडेज, आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेला एक जास्तीचा पट्टा, सगळं जंपसूटच्या आत. बाहेर एकही टोक लोंबकळता कामा नये आणि पाय स्वतःच्या डोक्याने पॅराशूटच्या हार्नेसला बांधायचा नाही, काहीही अडकू शकतं. बूट लेसवालाच, वरून टेप, कारण खोट्या पायातला बूट निघाला तर आपल्याला कळतही नाही!

आता घाम. मुंबईत राहून लायनरमध्ये (सॉकेटच्या आत घालायचा मऊ मोजा) घाम म्हणजे काय हे मी सांगायला नको, दादरचा पूल चढला की आत तळं. जंपच्या आधी विमानाशेजारी उन्हात तासभर वाट बघावी लागते, तिथे हमखास हेच होतं आणि घामावर लायनर सरकतो. सूट चढवायच्या अगदी आधी पाय काढून स्टंप (कापल्यावर उरलेला पाय) आणि लायनर कोरडे करा, मग परत घाला. पण पाय काढून गप्पा मारत बसू नका, स्टंप सुजला की सॉकेटमध्ये जात नाही. माझं झालंय हे, पंधरा मिनिटं दाबत बसलो होतो आणि बाकीचे सगळे माझ्याकडे बघतायत. विमानप्रवासानेही सूज येते, म्हणून पोचल्यादिवशीच जंप ठेवू नका.

दुसरा प्रश्न लँडिंगचा. टँडममध्ये पाहुण्याने दोन्ही पाय सरळ समोर उचलून धरायचे असतात आणि ढुंगणावर घसरत उतरायचं. पाय खाली राहिला तर तो जमिनीत रुततो आणि अख्ख्या दोघांचं वजन स्टंपवर. खोटा पाय दीड-दोन किलोचा असतो, शिवाय हवेत मांडीखाली टेकायला काही नसतं, म्हणून सोफ्यावर बसून केलेली प्रॅक्टिस पुरत नाही. मैदानातल्या सिंगल बारला लटका आणि पाय उचलून दहा आकडे मोजा, महिनाभर रोज. पहिल्या आठवड्यात मला चार मोजता येत नव्हते. गुडघ्याच्या वर कापलेल्यांचं अजून अवघड, कारण मांडी वर येते पण खालचा भाग लोंबतच राहतो. त्यांनी सूटच्या गुडघ्याला हाताने ओढायचे लूप लावून मागायचे, नाहीतर पाय न लावताच उडी मारायची. हे काही कमीपणाचं नाही, उलट बरेच जण तेच करतात, फक्त खाली कुबड्या किंवा पाय घेऊन माणूस उभा हवा. स्टंप फारच आखूड असेल तर हार्नेसचा मांडीचा पट्टा धरत नाही, हे फोनवरच सांगा. तिथे गेल्यावर सांगितलंत तर नाही म्हणतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

फोन करताना हे पण सांगा: कुठला पाय, कुठून कापलाय, पायासकट वजन किती (मर्यादा साधारण 90-100 किलोच्या आसपास असते), आणि विचारा की याआधी असा कुणी उडवलाय का, उतरायची जागा गवताची आहे का. मी आधी एका ठिकाणी विचारलं तर 'सर काही प्रॉब्लेम नाही' एवढंच. काही प्रॉब्लेम नाही म्हणणाऱ्याला प्रॉब्लेम माहीतच नसतो, तिथे नाही गेलो. जे लोक उलट दहा प्रश्न विचारतात त्यांच्याकडे जा. देशात हरयाणातल्या नारनौलला होतं, नाहीतर दुबई, आपल्याकडून विमानाने तीन-सव्वातीन तास. डॉक्टरचं सर्टिफिकेट न्या, आणि इन्शुरन्समध्ये ॲडव्हेंचर स्पोर्ट्स बहुतेक वेळा वगळलेले असतात, ते वाचून घ्या.

एअरपोर्टला सिक्युरिटीत पाय काढायला लावतील तेव्हा बाजूच्या खोलीत तपासा म्हणून सांगा. खोटा पाय लावून नाचणाऱ्या अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी 2021 मध्ये यावरच व्हिडिओ टाकला होता आणि एअरपोर्टची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली होती, तेव्हा बोलायला लाजू नका.

एकट्याने उडी मारायची हौस असेल तर ते वेगळं प्रकरण. तिथे हातापायांनी दिशा सांभाळायची असते, एक पाय आखूड किंवा हलका असला की वारा दोन्हीकडे सारखा लागत नाही आणि माणूस गरगरतो. आधी विंड टनेलमध्ये (खालून जोराचा वारा सोडून माणसाला तरंगवतात ती बंद जागा) तास घालवा. कारगिलमध्ये जखमी होऊन पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनी 2019 मध्ये आपल्या नाशिकलाच सोलो जंप केली, पण मागे लष्कराचं ट्रेनिंग होतं.

आणि उतरल्यावर लगेच फोटोला उभे राहू नका. तिथेच बसून पाय काढा, स्टंपवर लाल डाग किंवा फोड आलाय का बघा. वरती थंडीने दुखलेलं कळत नाही, मला फोड दिसला तो हॉटेलवर रात्री, आणि पुढचे चार दिवस कुबड्यांवर.