रिकाम्या घराची जाहिरात मी नव्याने लिहिली तेव्हा

माझे भाड्याने द्यायचे घर 3 महिने रिकामे होते. चौकशीचे फोन रोज येत, पण घर पाहून गेलेली मंडळी पुन्हा संपर्क साधत नसत. दोष जाहिरातीचा आहे, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला: तिच्यात भाड्याचा आकडा नव्हता, अनामत रकमेचा उल्लेख नव्हता आणि छायाचित्रे संध्याकाळच्या अंधूक उजेडातली होती. मी भर दिवसा, खिडक्या उघडून, प्रत्येक खोलीची नवी छायाचित्रे काढली आणि भाडे, अनामत, देखभालखर्च कोणी द्यायचा, कराराची मुदत व ताबा मिळण्याची तारीख स्पष्ट लिहिली. स्वयंपाकघर लहान आहे, हेही लपवले नाही. फोन कमी झाले, पण येणारे लोक खरोखर घर शोधणारे होते.

भाडेकरूची निवड मी पूर्वी केवळ बोलण्यावरून करत असे. ते अन्यायाचे होते, असे मला आता मनापासून वाटते. आता प्रत्येकाला तेच प्रश्न विचारतो आणि उत्पन्नाचा पुरावा पाहतो. सर्वांत उपयोगी पडतो तो पूर्वीच्या घरमालकाशी झालेला संवाद. मात्र सध्याच्या मालकापेक्षा त्याच्याही आधीच्या मालकाचे मत अधिक भरवशाचे असते, कारण त्रासदायक भाडेकरू लवकर जावा म्हणून सध्याचा मालक त्याची तोंड भरून स्तुती करू शकतो. ओळखपत्राची प्रत मी निवड पक्की झाल्यावरच मागतो आणि ज्यांना घर देता येत नाही त्यांना त्याच दिवशी कळवतो.