गावात घर बांधताय? जोतं बांधण्याआधी या चुका टाळा

गावाकडे घर बांधायचं ठरलं की आधी वाळू-खडीचे भाव निघतात, मग गवंडी ठरतो, मुहूर्त निघतो. सगळं झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "पंचायतीत एकदा सांगून ठेव." मी आमच्या भागातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा जोतं बांधून झालेलं असतं आणि हातात नोटीस असते.

सरपंचांचा दाखला म्हणजेच परवानगी, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पहिला प्रश्न एकच विचारायचा: जागा गावठाणात आहे की गावठाणाबाहेर? गावठाणातल्या बांधकामाला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे पंचायत परवानगी देते. जागा शिवारातल्या एखाद्या गटात असेल तर विषय प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ कडे जातो. तिथे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडे, आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) सारखं प्राधिकरण असेल तर त्या प्राधिकरणाकडे. पीएमआरडीए २०१५ साली आलं. त्या हद्दीतल्या गावांत आजही कुणी पंचायतीचा 'ना हरकत' दाखला फ्रेम करून ठेवला असेल, तर बँकेत कर्जाची फाइल नेल्यावर त्याची किंमत कळते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण घरपट्टी लागलीय की! नळही दिलाय." घरपट्टी लागली म्हणजे कर लागला, एवढंच. विनापरवाना घरालाही घरपट्टी लागू शकते आणि ती भरल्यानं ते घर नियमित होत नाही.

'आठ' आणि 'आठ-अ' यांची गल्लत

नमुना आठ हा पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा. आठ-अ हा महसूल खात्याचा, तुमच्या नावावर गावात कुठल्या गटात किती जमीन आहे ते सांगणारा. एक ग्रामसेवकाकडे, दुसरा तलाठ्याकडे. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाट्या बदलल्या, हाका जुन्याच आहेत.) अर्जाला आठ-अ जोडायचा तिथे नमुना आठ जोडला की फाइल परत येते. त्याहून वाईट म्हणजे नमुना आठवर नाव आहे म्हणून बखळ जागा विकत घेणं. त्या उताऱ्यानं मालकी सिद्ध होत नाही.

गावठाणातल्या जागांना पूर्वी धड कागदच नव्हते. म्हणून २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाणं मोजली गेली आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार होऊ लागल्या. ड्रोन उडण्याआधी हद्दींवर चुना टाकायचा असतो. नोकरीच्या गावी बसलेल्यांची चुन्याची रेघ कुणी मारली, तर शेजाऱ्यानं! तुमच्या गावात पत्रिका आली असेल तर बांधकामाचं नाव काढण्याआधी त्यावरचं क्षेत्र आणि नकाशा बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी, विटा नंतर.

सातबाऱ्यावर चुलतभाऊ, बहिणी यांची नावं सामाईक असतील तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका. तोंडी 'हो' फार काळ टिकत नाही.

मोजणी मागाहून करू

आमच्याकडच्या एका काकांनी मुलासाठी दोन खोल्यांचं जोतं घातलं. बांधावरचं जुनं बाभळीचं खोड हीच हद्द, हे त्यांना लहानपणापासून माहीत. पुढे शेजाऱ्यानं हद्द कायम मोजणी आणली. भूमापकानं खुणा करून दोरी ताणली, तर ओट्याचा एक कोपरा पाणंदीत, म्हणजे शिवारातल्या वहिवाटीच्या वाटेत, दोन फूट आत. दोनच फूट, पण पाणंद सगळ्या गावाची. काकांनी ओटा स्वतः फोडला. मी तिथेच उभा होतो. पहारीचा पहिला घाव त्यांनीच घातला आणि मग पहार गवंड्याकडे दिली.

मोजणीचं शुल्क एका कॉलमच्या खर्चापेक्षा जास्त नसतं. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, मोजणीची 'क' प्रत हातात घ्या आणि मगच पायाच्या आखणीची फक्की मारा.

३२०० चौरस फुटांपर्यंत काहीच लागत नाही?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी ही सवलत जाहीर झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा अर्थ 'परवानगीच रद्द' असा फिरला. सवलत होती ती नगररचनाकारांच्या परवानगीतून. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, इमारतीचा आराखडा आणि तो नियमांत बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, हे पंचायतीत द्यावंच लागतं. डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्याला लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतली सामासिक अंतरं (घराच्या बाजूंनी सोडायची मोकळी जागा), उंची, रस्त्याची रुंदी, सगळं तसंच. नकाशा न बघता सही करणारे अभियंतेही भेटतात. त्यांच्या सहीचा भार शेवटी घरमालकावर येतो.

नदीकाठच्यांसाठी अजून एक. पूररेषा दोन असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही. "आमच्या आजोबांच्या काळात इथे पाणी आलं नाही" हा युक्तिवाद कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ च्या महापुरानंतर कुणी करत नाही.

हरकत तोंडी घेणं

आता दुसरी बाजू. गावालगतच्या गटात कुणी बाहेरचा माणूस पन्नास प्लॉट पाडतो. ग्रामसभेत आरडाओरडा होतो आणि लोक घरी जातात. इतिवृत्तात एक ओळही नसते. ठराव लिहून घ्या, वाचून दाखवायला लावा, त्याची प्रत मागा. आणि ठरावावर थांबू नका, कारण गावठाणाबाहेरचा निर्णय ग्रामसभा देत नाही. जे कार्यालय देणार आहे तिथे गट नंबर घालून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. 'आमचा तीव्र विरोध आहे' एवढ्यानं काही होत नाही. पोहोच रस्ता प्रत्यक्षात किती फूट आहे, ओढा कुठे बुजवलाय, सांडपाणी कुणाच्या विहिरीकडे उतरतं, हे फोटोसह लिहिलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

साठ दिवसांचा हिशेब चुकवणं

१९६६ च्या कायद्यात ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हे खरं. पण कार्यालयानं त्रुटी काढली असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजायचे, आणि नकाशा नियमांत बसत असेल तरच ही मानीव परवानगी टिकते. नकार आला तर अपिलाला ४० दिवस असतात. तो लखोटा कधी मिळाला ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा. परवानगी मिळाली तरी काम सुरू न करता वर्षभर दाखला कपाटात ठेवला तर तो संपतो. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा.