क्विझला खेळाचं रूप देताना

ऑनलाइन वर्गातला विद्यार्थी शिणलाय हे बंद कॅमेऱ्यावरून ठरवू नका. त्यामागे कमकुवत नेटही असतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे सततच्या ताणाने गळून जाण्याची, तीन अंगं सांगितली आहेत: थकवा, उबग आणि ‘मला काही जमत नाही’ ही भावना. खेळवजा चाचणी मुख्यतः तिसऱ्यावर चालते. थकव्याला तिचा उपयोग नाही, तिथे कामच कमी करावं लागतं.

म्हणून सुरुवात वजाबाकीने. आठवड्यातला एक गृहपाठ रद्द करा, मगच त्याच्या जागी क्विझ आणा. आहे त्यात भर घातलेलं क्विझ कितीही रंगीत असो, मुलांच्या लेखी ते आणखी एक काम.

प्रश्न पाच ते आठ, सगळं दहा मिनिटांच्या आत. पहिले दोन बहुतेकांना येतील असे, मधले चालू धड्यावरचे, शेवटचा दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या भागातला, कारण आठवून काढलेलं जास्त टिकतं. चुकीच्या प्रत्येक पर्यायाला वेगळा खुलासा लिहा. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो आणि नेमकं हेच टाळलं जातं. नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ दिसलं की मुलं उरलेले पर्याय एकेक दाबून मोकळी होतात. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत अनेक प्रयत्नांचा इंटरॅक्टिव्ह प्रकार निवडा. चुकीच्या प्रयत्नामागे मुळात एक तृतीयांश गुण कापले जातात. सरावासाठी ते शून्य करा. ही सेटिंग प्रत्येक प्रश्नात वेगळी असते, एकदा बदलून भागत नाही.

घड्याळ शक्यतो नको. कहूट या थेट क्विझच्या ॲपमध्ये साधारणपणे जितकं झटपट उत्तर तितके जास्त गुण, म्हणजे मंद नेटवाला उत्तर येत असूनही मागे. तिथे प्रश्नागणिक गुण बंद करता येतात.

लीडरबोर्डवर, म्हणजे गुणांनुसार लावलेल्या नावांच्या यादीत वर, तीच तीन-चार नावं राहिली की बाकीचे खेळणं सोडतात. त्याऐवजी ज्याची त्याला मागच्या आठवड्याशी तुलना दाखवा, किंवा चौघांचे गट करून दर सोमवारी गुण शून्यावर आणा. सलग दिवसांची साखळी ठेवलीच, तर महिन्याला दोन दिवस माफ. नाहीतर आजारी पडलेल्यालाच शिक्षा होते.

बॅज जपून. 1973 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केल्यावर त्यांची नंतरची ओढ कमी झाली. बॅज द्यायचाच तर चूक दुरुस्त केल्याबद्दल, आणि आधी न सांगता. अंतिम गुणांत क्विझचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि सर्वांत कमी गुणांची दोन क्विझ हिशेबातून वगळा.

चार आठवड्यांनी नोंदी उघडा. दोन-तीन सेकंदांत दिलेली उत्तरं, मध्यरात्रीनंतरची सबमिशन, पहिल्याच चुकीनंतर सोडलेली क्विझ दिसली, तर प्रश्न सोपे करत बसू नका. आणखी एखादं काम काढा. ज्याची झोप उडाली आहे किंवा जो आठवडाभर कुठेच दिसला नाही, त्याला क्विझची लिंक पाठवू नका. फोन करा, आणि गरज वाटली तर समुपदेशकाशी गाठ घालून द्या.